फडक्यातली भाकरी

मंठ्याच्या एसी रेस्टॉरंटात मी आईनं बांधून दिलेलं फडकं सोडलं आणि ठेच्याचा वास थेट लहानपणात घेऊन गेला. तेव्हा याच जागी खानावळ होती. बाजाराच्या दिवशी बाबांनी बाकावर असंच फडकं सोडलं होतं.

"भाकरी बराबर चुरा, मंग रस्सा ओतते," खानावळीच्या मावशी पातेलं घेऊन म्हणाल्या. शेजारच्या अनोळखी माणसानं आमचा ठेचा घेतला आणि बुक्कीनं फोडलेला कांदा आमच्यापुढं सरकवला. बाबा घाम पुसत म्हणाले, "इथं फक्त एक पंखा पाहिजे."

"काका, बाहेरचं खाणं इथं चालत न्हाई." वेटर समोर उभा होता.

गारठलेल्या हातांनी मी फडकं बांधलं. त्यानं मेनूकार्ड पुढं केलं. सगळ्यात वर छापलं होतं, 'आईच्या हातची भाकरी'.