आधी पाडा

“खड्डा दिसला का, बाई?” असं विचारत तात्या क्रिकेटच्या स्टंपनं माझ्या पाठीत ढोसत, आणि मी सरळ खड्ड्यात जात असे.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका कॉलेजात मी खेळाची शिक्षिका होते आणि तात्या आमच्या खेळसामानाचे रखवालदार. मूळचे डाळज गावचे, फौजेतून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षं बर्फात घालवलेले. आमच्या सहा मुली हिमाचलातल्या स्कीइंगच्या शिबिराला निघाल्या, तेव्हा गॉगल निवडायचं काम प्राचार्यांनी त्यांच्यावर सोपवलं. मुलींची प्रमुख मी. बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीत!

तात्यांची पद्धत तुम्ही पाहायला हवी होती. बर्फ म्हणून मांडववाल्याकडचं पांढरं कापड मैदानातल्या ढेकळांवर, खड्ड्यांत नीट दाबून अंथरायचं. ऊन तापल्यावर काळी काच, ढगाळ सकाळी पिवळी. गॉगल घालून एकेकीनं त्यावरून चालायचं. जिला खड्डा दिसला नाही, तिला मागचीनं खड्ड्याच्या अलीकडेच धाडकन पाडायचं. हळू ढकललं तर दोघींना शिव्या. गुडघे फुटत, कोपरं सोलून निघत.

“आदर नंतर! आधी पाडा!” तात्या ओरडत.

मी मात्र पुण्याहून काळाकुट्ट, आरशासारखा चकाकणारा गॉगल आणला होता. तो लावला की मी स्वतःला नटी समजे. दिसत असणार घुबडासारखी. एका ढगाळ सकाळी तात्यांनी तो माझ्या नाकावरून हिसकावला आणि विटेनं ठेचला. मी जेवणाचा डबा त्यांच्या कपाळावर हाणला. भळाभळा रक्त आलं.

रुमाल दाबत ते म्हणाले, “मारायचा हात बरा हाय तुमचा. डोळं न्हाईत.”

मग खाली बसले. “आमचं सुभेदार ढगात असलीच काळी काच लावून पुढं चाललं व्हतं. कडा मला दिसला. मी आपला ‘साहेब, साहेब’ करीत ऱ्हायलो. मोठ्या माणसाच्या अंगाला हात कसा लावायचा?”

एवढं सांगून ते ठेचलेल्या काचा वेचू लागले. आणि मी शहाणीनं काय केलं? तसलाच दुसरा गॉगल घेऊन लपवून नेला.

शिबिरात चौथ्या दिवशी ढग उतरले. सगळं एकसारखं पांढरं. कुठं सावली नाही, चढ-उतार कळेना. मी काळा गॉगल लावून रुबाबात घसरत सुटले. मागून आमच्या सहांतली कऱ्हाटी गावची एक पोर, पिवळ्या काचेचा गॉगल लावलेली, ना किंचाळली ना तिनं हाक मारली. उधळलेल्या खोंडासारखी येऊन माझ्यावर आदळली. खांद्याजवळचं हाड काडकन मोडलं, ओठ फाटला. बर्फावर रक्त थुंकत मी तिच्या थोबाडीत दिली.

तिनं नुसतं बोट दाखवलं. दोन हातांवर जमीन संपली होती.

“तात्यांनी सांगितलं व्हतं,” ती रडत म्हणाली, “बाई काळाच घालणार. हाक मारत बसू नकोस. पाड.”

हात गळ्यात बांधून मी परतले. तात्यांनी खांदा निरखून पाहिला. “पोरीनं नीट पाडलंय,” म्हणाले, आणि पाठ फिरवून उगाच स्टंप मोजू लागले.

काही वर्षांनी डाळजला त्यांना अखेरचा निरोप देऊन आम्ही बांधावरून परतत होतो. आभाळ भरून आलेलं. तरी रडणं दिसू नये म्हणून मी काळा गॉगल लावला होता. सुधारेन ती मी कसली! चालता चालता कोण जाणे का, थबकले. गॉगल काढला. पायापुढे पाटाच्या पाण्याची खोल चारी होती.

सगळे पुढे गेले. मी तिथेच उभी राहिले, पाठीत कुणी ढोसतंय का याची वाट पाहत.