ह्लावाचचे चार टायर

ज्युलियस तुस्कानोला ह्लावाच पहिल्याच दिवशी आवडला नाही, आणि त्याचं हे मत पुढे कधीही बदललं नाही.

कॅनडातल्या किचनर गावच्या ज्या मशीन शॉपमध्ये ज्युलियस कामाला होता, तिथे चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात चेकोस्लोव्हाकियातून लोखंडात भोकं कोरणारं एक अवाढव्य बोरिंग मशीन आलं. शॉपचा मालक दर रविवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये कम्युनिझमच्या नावाने बोटं मोडायचा. पण कम्युनिस्टांचं मशीन जर्मन मशीनपेक्षा खूप स्वस्त पडतंय म्हटल्यावर सोमवारी त्याच बोटांनी त्याने सही ठोकली.

मशीनबरोबर दोन माणसं आली. व्लास्तिमिल फिटर म्हणून मशीन उभं करणार होता आणि ह्लावाच व्लास्तिमिलवर नजर ठेवणार होता. कागदावर तो 'व्यापारी प्रतिनिधी' होता. हा प्रतिनिधी स्पॅनरला हात लावत नसे, आणि फिटर वॉशरूमला गेला की दाराबाहेर पहारा देत असे. लंचला तो भांडवलशाहीची बेकारी आणि उधळपट्टी यांवर भाषण द्यायचा, तेही मालकाने मागवलेलं सँडविच तोंडात कोंबून. जाताना टेबलावरच्या साखरेच्या पुड्या खिशात टाकायचा.

मशीन पुढे ज्युलियसच चालवणार, म्हणून त्याला व्लास्तिमिलच्या हाताखाली दिलं. मशीनचा बेड, म्हणजे खालची बैठक, लेव्हल करायला दोघं तासन्‌तास खाली आडवे पडत. ती एकच जागा अशी होती, जिथे ह्लावाच येत नसे. ओव्हरकोटला तेल लागलं असतं. त्यामुळे व्लास्तिमिल जे काही बोलला, ते सगळं मशीनच्या पोटाखाली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

तो फिटर नव्हताच. हे मशीन ज्यांनी डिझाइन केलं, त्यांतला तो एक. अडुसष्टच्या वसंतात कम्युनिस्ट पक्षातल्याच लोकांनी लगाम सैल केले, तेव्हा तो कारखान्याच्या सभेत उठून म्हणाला, मॅनेजर कामगारांनी निवडावा. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले. मग प्रत्येकासमोर एक कागद ठेवला गेला: हे रणगाडे म्हणजे मित्रांची मदत आहे, करा सही. त्याने केली नाही. त्याला बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लावलं. मशीन कॅनडाला विकलं गेलं आणि ते दुसऱ्या कुणाला उभं करता येईना, तेव्हा त्याला धुऊनपुसून विमानात बसवलं. बायको आणि मुलगी तिकडे तारण.

"इथेच राहा ना," ज्युलियस म्हणाला.

व्लास्तिमिलने लेव्हलच्या काचेतल्या बुडबुड्यावरची नजर काढली नाही. "विचार करतो," म्हणाला.

ज्युलियसला तेवढं पुरे झालं. घरी जाऊन त्याने बायकोला, कॉन्स्टन्सला विचारलं, "बेसमेंटमधली खोली रिकामी करतेस का?"

"कुणासाठी?"

"एका कम्युनिस्टासाठी."

"अहो, फादर काय म्हणतील?"

"सांगू, सुधारलेला आहे."

"आणि त्याची ती शेपटी?"

"शेपटीला मी शॉपिंगला नेतो."

ह्लावाचला त्याच्या प्रागच्या गाडीसाठी विंटर टायर हवे होते. हत्यारांच्या रिकाम्या पेट्या जहाजाने परत जाणार होत्या, त्यांत टायर दडवून न्यायचे, असा त्याचा बेत. मापाची चिठ्ठी तो पाकिटात आईच्या फोटोसारखी जपून ठेवायचा.

शनिवारी ज्युलियसने दोघांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सहज म्हणाला, "टायरवर सेल आहे. आज शेवटचा दिवस."

ह्लावाचने व्लास्तिमिलकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कर्तव्य आणि टायर यांची झटापट फार वेळ चालली नाही. "कॉम्रेड, तुम्ही बसा," तो म्हणाला. "बाहेर थंडी आहे."

दुकानात त्याने कलिंगडं वाजवावीत तसे टायर ठोकून पाहिले. डॉलर हॉटेलवर राहिलेत म्हणाला, म्हणून पैसे ज्युलियसने भरले. मग तो वॉशरूमला गेला. ज्युलियस टायरांपाशी खुशीत उभा राहिला. जितका उशीर होईल तितकं बरं. तिकडे कॉन्स्टन्स टॅक्सी करून व्लास्तिमिलला आश्रयाचा अर्ज करायला वकिलाकडे नेत असेल.

पण उशीर फारच झाला. ज्युलियस मागे जाऊन पाहतो तर मागचं दार उघडं. बर्फात पावलं उमटली होती, मोठ्या रस्त्याकडे जाणारी. परत येणारी नव्हती.

तो टायर घेऊन घरी आला. व्लास्तिमिलचा कोट खुंटीलाच होता. तो बाह्या वर करून भांडी घासत होता.

"टॅक्सी आली होती," कॉन्स्टन्स म्हणाली. "त्यांनीच परत पाठवली."

"मुलगी पंधरा वर्षांची आहे," व्लास्तिमिल म्हणाला. "मी राहिलो तर तिला पुढे कोण शिकू देईल? ह्लावाच कुठे आहे?"

"पळाला."

व्लास्तिमिल आधी हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग हातातली बशी त्याने फार जपून खाली ठेवली.

"आता तर जायलाच हवं," तो म्हणाला. "पहारेकरी पळाला, कैदी कसा नाही पळाला, हे त्यांना मला समजावून सांगावं लागेल. आणि ते ऐकणार नाहीत."

मशीन लेव्हल करून, चालवून दाखवून तो एकटा परत गेला.

सत्त्याहत्तरमध्ये मशीनचा एक गिअर तुटला, तेव्हा तिकडून नवा फिटर आला. या वेळी पहारेकरी दोन होते: एक फिटरवर, दुसरा पहिल्या पहारेकऱ्यावर. त्यांचेही ओव्हरकोट चांगले होते, त्यामुळे मशीनखाली कुणी आलं नाही.

"व्लास्तिमिल?" ज्युलियसने विचारलं.

"बॉयलरवर. ह्लावाचला त्यानेच पळवलं, असं ठरलं."

"आणि मुलगी?"

"पुढे शिकू दिलं नाही," फिटर म्हणाला.

पुढच्या ऑगस्टमध्ये रणगाड्यांना दहा वर्षं झाली, म्हणून पॅरिश हॉलमध्ये सभा भरली. वक्ता होता ह्लावाच. मध्यंतरी तो टोरोंटोत राहून स्वातंत्र्याचा जाणकार झाला होता. अंगाने भरला होता. मालक पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

"मी सभेत उठलो," ह्लावाच सांगत होता, "आणि म्हणालो, मॅनेजर कामगारांनी निवडावा. माझ्यासमोर कागद ठेवला. मी सही केली नाही. मला कोळसा टाकायला लावलं."

हॉलमध्ये कुणीतरी नाक पुसलं. कॉन्स्टन्सने नवऱ्याकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी. तो पार्किंगमध्ये गेला होता. असल्या अरुंद मापाची गाडी ओळखीत कुणाकडे नव्हती, म्हणून ते टायर इतकी वर्षं गॅरेजमध्ये पडून होते. सभेला निघताना त्याने ते मुकाट्याने गाडीत टाकले होते. कॉन्स्टन्सने विचारलं नव्हतं.

दार ढकलून ज्युलियस आत आला. एकेक टायर लोटत त्याने खुर्च्यांमधल्या वाटेने नेला आणि चारही स्टेजसमोर रचले. भाषण थांबलं.

"साहेब, तुमची खरेदी राहिली होती," तो म्हणाला. "आणि कोळसा टाकणारा अजून टाकतोय. व्लास्तिमिल. नाव आठवतंय?"

ह्लावाच पुढे झाला. स्टेजच्या कडेशी आला, वाकला, आणि सगळ्यांच्या देखत त्याचं बोट सवयीने वरच्या टायरच्या कडेवर फिरलं, माप तेच आहे ना ते बघायला.