डोंगर दाखवायला नेलेला बाप

वलगावच्या मळ्यात उभं राहून उत्तरेकडे पाहिलं, की आभाळ स्वच्छ असलेल्या दिवशी मेळघाटाची निळी रेघ दिसायची. शालिकराम माळ्यांनी ती जन्मभर पाहिली. मोटेवर बैल हाकताना, झेंडू तोडताना ते मान वर करायचे आणि बायकोला म्हणायचे, "जयवंते, एक डाव तिकडे जाऊन पाह्याचं हाय."

जयवंता म्हणायची, "जाऊ ना. पह्यले हा वाफा तं भरू द्या."

वाफे भरता भरता दोघंही थकली. मळा गोवर्धनच्या, त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या हाती आला. आणि मग शालिकरामांचं डोकं हळूहळू रितं होऊ लागलं. आधी बैलाचं नाव विसरले. मग तो बैल मेलाय हे विसरले आणि रिकाम्या गोठ्यापाशी उभं राहून त्याला हाका मारू लागले. एकदा अमरावतीच्या सडकेवर अनवाणी सापडले, एकदा विहिरीच्या काठावर, आत वाकून कुणाशी तरी बोलताना.

उन्हाळ्यात तर फारच वाईट व्हायचं. वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन, दुपारी पाखरूसुद्धा झाडाबाहेर निघत नाही, अशा वेळी म्हातारा डोक्याला पागोटंही न गुंडाळता चालू लागायचा. म्हणून दुपारच्या वेळी त्यांना बाजेला बांधून ठेवत. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी घेऊन जयवंताच बांधायची, कारण दुसऱ्या कुणाचा हात लागला की ते लाथा झाडत. गोवर्धन तेवढा वेळ मळ्याच्या पार टोकाला जाऊन बसायचा. तिथंही बापाचं ओरडणं यायचंच.

अमरावतीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, "बरे होतील असं मी म्हणत नाही. पण ही उष्णता त्यांना सोसत नाही. थंड हवेत नेलंत तर जरा शांत राहतील."

गोवर्धननं ते शब्द घट्ट धरले. त्याची वांगी-भेंडी परतवाड्याच्या ज्या व्यापाऱ्याकडे जायची, त्याची लॉरी उन्हाळाभर चिखलदऱ्याच्या बंगल्यांना भाजी पोचवायची. लॉरीचा ड्रायव्हर सूर्यभान ओळखीचा. वर एका साहेबाच्या बागेत पुंजाराम नावाचा लांबचा नातलग माळीकाम करायचा. त्यानं निरोप धाडला, की तबेल्यामागची खोली रिकामी आहे, खुशाल या. गोवर्धननं मोटेला माणूस ठरवला, मळा बायकोवर सोपवला आणि मायला सांगितलं. जयवंता आधी घाबरली. मग पेटीतून ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं, दशम्या केल्या, दोन वाकळा बांधल्या. अमरावतीच्या अंबादेवीच्या पलीकडे तिनं जग पाहिलं नव्हतं.

गोवर्धनची बायको दुर्गाबाई मात्र चुलीपुढून उठलीच नाही. "मामाजीले घरातल्या घरात वाट सापडत नाई, अन् तुमी त्यायले जंगलात नेऊन राहिले?"

"मले त्यायले बांधलेलं पाहावत नाई," गोवर्धन म्हणाला.

दुर्गाबाईनं उन्हासाठी चार कांदे गाठोड्यात टाकले, एवढंच.

परतवाड्याहून लॉरी निघाली तेव्हा सकाळ होती. म्हातारा-म्हातारी पुढं सूर्यभानजवळ बसली, गोवर्धन मागं भाजीच्या पाट्यांवर. जयवंतानं चिंधीचं एक टोक नवऱ्याच्या मनगटाला बांधलं होतं, दुसरं आपल्या. वर पदर घेतला होता, लोकांना दिसू नये म्हणून. घाट लागला तशी वळणांनी तिला मळमळू लागलं. घटांग गावाच्या अलीकडे इंजिन तापून धूर निघाला आणि सूर्यभाननं एका पुलाजवळ लॉरी उभी केली.

तिघंही खाली उतरली. वारा खरोखरच गार होता. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं, पिवळं, धुरकट, कुठंही कड न दिसणारं. शालिकराम सडकेच्या कठड्याशी उभे राहिले आणि पाहतच राहिले. चेहऱ्यावरची ती भेदरलेली कळा कुठं गेली कोण जाणे.

"गोवर्धन," ते म्हणाले, "आपला मळा कोठी असन गा?"

वर्ष उलटून गेलं होतं बापाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून. गोवर्धननं नुसतं बोट दाखवलं, धुरकटात कुठंतरी.

"लय लांब आलो," शालिकराम म्हणाले. मग त्यांची नजर मनगटाकडे गेली. "हे सोड. मी काय बैल हाव?"

गोवर्धननं मायकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती, पण हात तिनं पुढं केला होता. त्यानं गाठ सोडली.

झाडाखाली बसून तिघांनी दशमी खाल्ली. शालिकरामांनी आपल्या हातानं खाल्ली, कांदा फोडून मागितला. मग इंजिनात ओतायला पाणी हवं म्हणून सूर्यभाननं हाक दिली. गोवर्धन डबा घेऊन नाल्यातल्या डबक्यावर उतरला. वळणांनी थकलेल्या जयवंताचा डोळा लागला. तो पाणी घेऊन वर आला, तेव्हा झाडाखाली ती एकटीच होती.

साऱ्या रानात सागाचा पाला पडलेला. त्यावर पाय वाजतो, पण उमटत नाही. आणि तिथं काही वाजतही नव्हतं. गोवर्धन बाबा, बाबा करत उतारावर धावला, आपटला, पुन्हा उठून धावला. सूर्यभान जवळच्या ढाण्यावरून, आदिवासी वस्तीवरून, कोरकू माणसं घेऊन आला, जंगलाचा नाकेदार आला. त्यांनी बांबूची बेटं पालथी घातली, कपारी पाहिल्या. पार खाली, एका बेटाच्या काट्यांत पागोटं अडकलेलं मिळालं. त्याच्यापुढं काही नाही. रक्त नाही, वहाण नाही, माणूस नाही.

वरून पुंजाराम आला. तो म्हणाला, "माय, वर चाल. इथं बसून काय होईन?"

"मी त्यायले घेऊनच उतरीन," जयवंता म्हणाली. ती त्याच झाडाखाली बसून राहिली. ढाण्यावरच्या एका कोरकू बाईनं तिला आपल्या झोपडीत निजायला नेलं, पेज पाजली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. रोज उजाडलं की ती पुन्हा सडकेवर. गोवर्धन रोज रानात. मृग जवळ आला, नाकेदारानं सांगितलं की आता नाल्यांना पाणी येईल, इथं तापानं मराल. तेव्हा गोवर्धननं मायला उचलून लॉरीत बसवलं. तिनं हिसका दिला नाही. आणताना वजन होतं तेवढंही आता उरलं नव्हतं.

वलगावात बातमी आधीच पोचली होती, आणि बातमीच्या मागोमाग दुसरंही काही. अमरावतीच्या बाजारात पाट्या उतरवताना गोवर्धननं स्वतःच्या कानांनी ऐकलं. कुणीतरी म्हणत होतं, "म्हातारा जड झाला व्हता ना, आला सोडून जंगलात." त्यानं मान वर केली नाही. भेंडी ओतली आणि रिकामी पाटी घेऊन निघाला.

शालिकरामांची बहीण गोदाबाई आली ती ओसरीवर उभी राहूनच ओरडली, "माह्या भावाले कोणी सोडलं? गाठ कोणी सोडली, सांग! बांधून नेला व्हता ना?" चार घरची माणसं जमली होती. गोवर्धन उठला, ओठ हलले.

"म्या सोडली," आतून जयवंता म्हणाली. ती बाहेर आली, भिंतीला धरून. "ते म्हणाले सोड, म्या सोडली. पोरगा पाण्याले गेला व्हता. माहाच डोया लागला."

गोदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि तोंडाला येईल ते ती भावजयीला बोलली. जयवंता ऐकत उभी राहिली.

माणसं पांगल्यावर गोवर्धन म्हणाला, "काहून असं म्हणलं तू? मी सांगतो साऱ्यायले."

"चूप राह्य. तुह्या दोन पोरी उजवाच्या हायेत. बापाले सोडून येणाऱ्याच्या घरात कोण सोयरीक करन? माहं आता काय जाते?"

जे जायचं होतं ते पुष्कळ होतं. देह मिळाला नव्हता. भटजी म्हणाले, एक तर बारा वर्षं वाट पाहा, नाहीतर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करा. भाऊबंद म्हणाले, पुतळा करून मोकळे व्हा. जयवंता म्हणाली, "पाह्यलं नाई तं जाळू कसं?" तिनं कुंकू पुसू दिलं नाही, बांगड्या फोडू दिल्या नाहीत. गावाला ते सोसवेना. सवाष्णींत तिला बोलावणं बंद झालं, विधवांतही जागा नव्हती. आपल्या धन्याला रानात घालवलं आणि वर कुंकू मिरवते, असं बायका विहिरीवर तिच्या देखत म्हणत. ती घागर भरून घेई आणि चालू लागे.

गोवर्धनच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली, चांगल्या घरी. दोन्ही लग्नांत आजी मागच्या खोलीत बसून होती, हळद लागताना समोर नको म्हणून. दुसऱ्या वेळी गोवर्धन मंडपातून उठून तिच्याजवळ जाऊन बसला. वऱ्हाडी मंडळी नवरीच्या बापाला शोधत होती.

"जाय," ती म्हणाली. "लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

"जाय म्हणलं ना."

तो उठून गेला. पुढं त्याला स्वतःचं ते उठून जाणंही आठवत राहिलं.

बारा वर्षं भरेपर्यंत जयवंता पुरली नाही. एका पौषात छाती भरली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गेली. मग अंगणात वाद लागला. हिला हिरवं लुगडं नेसवायचं का पांढरं? ओटी भरायची का नाही? भाऊबंद मोठ्यानं बोलू लागले. गोवर्धन भिंतीशी बसला होता, त्याला कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात गोदाबाई आली. म्हातारी झाली होती, काठी होती हातात. आत गेली, भावजयीच्या उशाशी बसली. कपाळावरचं कुंकू फिकं झालं होतं. तिनं कुयरीतून बोटभर कुंकू घेतलं आणि ठसठशीत लावलं.

"हिरवं आणा," ती म्हणाली. "माह्या भावाले मेलेलं कोणी पाह्यलं असन, तं त्यानं समोर यावं."

कुणी समोर आलं नाही. जयवंता सवाष्णीसारखी गेली. सावडून झाल्यावर गोवर्धननं भटजींना सांगून पळसाची पानं आणवली आणि त्याच जागी बापाला अग्नी दिला. पानं ओली होती, लवकर धरेनात. तो फुंकत राहिला, धुरानं डोळे लाल होईपर्यंत. परतताना गोदाबाई त्याच्या खांद्याला धरून चालत होती. घरी आल्यावर त्यानं आंघोळ केली, आणि मोटेचा माणूस आला नव्हता म्हणून बैल सोडून विहिरीवर गेला. वांगी सुकत चालली होती.