चिमूटभर अजून

नवरा गेल्यावर बायकोनं पिवळ्या फुलांचा झगा घालून बाजारात जावं, हे आमच्या गल्लीच्या पचनी कसं पडावं? आमच्या कान्येते गावात जवळचं माणूस गेलं की वर्षभर काळं घालतात. मी शिवणकाम करते, निम्म्या गावाचे शोकाचे कपडे माझ्याच मशीनखालून गेलेत. शेजारच्या लिओन्सिओला पुरून आलो त्या संध्याकाळी मी त्याच्या बायकोला, कासिल्दाला म्हटलं, "माप देऊन ठेव गं, मी शिवते तुझा झगा." तर मला म्हणते, "कशाला?" तोंडाची मी फटकळ, पण तेव्हा मात्र हातातली टेप गुंडाळून घरी आले.

कासिल्दा तमाल करायची, मक्याच्या पिठात मांस भरून, केळीच्या पानात बांधून उकडलेले. शनिवारी घरी करायचे आणि रविवारी चर्चसमोरच्या चौकात विकायचे. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे तिचा शनिवार मला नाकानंच कळायचा. आधी केळीची पानं जाळावरून फिरवल्याचा वास, मग डुकराच्या चरबीत लसूण आणि लाल मिरची परतल्याचा. भिजवून सोललेला मका ती घरच्या पाट्यावर वाटायची, तो त्या फोडणीत ओतायची आणि लाकडी पळीनं घोटत बसायची. दंड भरून यायचे, पण पळी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. घोटणारा हात एकच हवा, नाहीतर पीठ रुसतं, असं आमच्याकडे मानतात. आणि जिनं घोटलं तिनं चाखायचं नाही, हेही मानतात.

चाखायला लिओन्सिओ होता. स्वयंपाकघराच्या दारात त्याचं बुटकं स्टूल. तो यायचा, टोपी काढायचा, पालथा हात पुढे करायचा. कासिल्दा त्यावर पिठाचा ठिपका ठेवायची. तो चाटायचा, डोळे मिटायचा, बिशपसाहेब विचारात पडावेत तसा. मग म्हणायचा, "म्हातारे, चिमूटभर अजून." ती पंचविशीची होती तेव्हापासून तिला म्हातारे म्हणायचा मेला! ती मिठाच्या बरणीत हात घालायची, चिमूट म्हणून चांगली मूठभर टाकायची आणि म्हणायची, "तुझी जीभ आहे की चामडं?" दर शनिवारी हेच. भिंतीपलीकडून मला दोघांचं बोलणं पाठ झालं होतं.

बोलणं तरी काय, तेवढंच. लिओन्सिओ घुम्या माणूस. दिवसभर कापसाच्या गोदामात पोती उचलायचा, घरी येऊन जेवायचा, झोपायचा. मी एकदा कासिल्दाला म्हटलं होतं, "तुझ्या नवऱ्यापेक्षा माझं मशीन जास्त बोलतं." ती खो खो हसली होती. मूलबाळ नव्हतं त्यांना. रविवारी तो तीनचाकी सायकलवर तिची टोपली चौकात न्यायचा आणि बाजूला उभा राहून पावात तमाल आणि कांदा भरून लोकांना द्यायचा. त्याच सायकलची साखळी बसवता बसवता एका सकाळी तो अंगणात कोसळला. मी पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

पुढच्याच शनिवारी भिंतीपलीकडून पळीचा आवाज आला. मला बरं वाटलं. म्हटलं, बाई सावरली. रविवारी चौकात अख्खा गाव लोटला, दोनदोन तमाल घेतले सगळ्यांनी. मी घरी येऊन दोरी सोडली, पान उलगडलं, पहिला घास घेतला आणि थांबले. अळणी! वाटलं, दुःखात विसरली असेल. कोण नाही विसरणार?

पण त्यानंतरच्या रविवारी तेच. त्याच्यानंतरही तेच. आणि गाव गप्प. विधवेला कुणी सांगायचं, बाई गं, तुझ्या तमालात मीठ नाही? चौकातल्या एलेउतेरिओ बेकरीवाल्यानं तर गल्ल्याखाली मिठाची वाटीच ठेवली होती. लोक कासिल्दाकडून तमाल घ्यायचे, पाव घ्यायच्या निमित्तानं त्याच्या दुकानात शिरायचे, तो पान जरा बाजूला करून वर मीठ भुरभुरायचा आणि डोळ्यांनीच दटावायचा, बाहेर बोललात तर याद राखा. पण वरून टाकलेलं मीठ आत थोडंच मुरतं? हळूहळू लोक बसथांब्यावरच्या तमालवालीकडे वळले. मान खाली घालून, पलीकडच्या फुटपाथनं. कासिल्दाची टोपली अर्धी भरलेलीच परत यायला लागली. मका, मांस, शेंगदाणे, ऑलिव्ह, सगळं विकत आणायचं आणि अर्धं कोंबड्यांना घालायचं. तिच्या पोटाला दुसरा आधार नव्हता. नाताळपर्यंत चूल बंद पडणार, हे मला दिसत होतं.

एका रविवारी एलेउतेरिओ मला म्हणाला, "सोराइदा, तू तिची मैत्रीण. तू सांग."

"मीच का? तुझ्या तोंडाला काय झालंय?"

"मला नाही जमायचं. तू कुणालाही काहीही बोलतेस, तुझं कुणी मनावर घेत नाही."

चांगलीच पावती दिली गाढवानं! आठवडाभर धुमसत राहिले. शनिवारी पळीचा आवाज सुरू झाला तशी उठले, मागच्या दारानं तिच्या स्वयंपाकघरात शिरले आणि तडक लिओन्सिओच्या स्टुलावर बसले. कासिल्दाचा चेहरा पांढरा पडला.

"तिथून ऊठ."

"नाही उठत." मी हात पुढे केला. "ठेव ठिपका."

ती घोटतच राहिली. मग मीच पातेल्यात बोट बुडवलं, चांगलं पोळलं, चाटलं. "अळणी आहे! कासिल्दा, गेले तीन महिने तुझे तमाल अळणी आहेत! सगळा गाव मीठ लावून खातोय आणि तुझ्यासमोर वा वा करतोय. तुला कळत कसं नाही?"

"कळतं," ती म्हणाली.

मी पोळलेलं बोट झग्याला पुसलं.

"पहिल्यापासून मी मीठ कमीच घालायचे," ती म्हणाली. पळी चालूच होती, नाहीतर पीठ खाली लागलं असतं. "लग्न नवं होतं तेव्हा एकदा चुकून कमी पडलं, तर तो बोलला. म्हातारे म्हणाला. तोवर दोन दोन दिवस एक शब्द निघायचा नाही त्याच्या तोंडून. मग मी मुद्दामच कमी घालायला लागले. बिचाऱ्याला आयुष्यभर वाटत राहिलं की त्याच्या जिभेशिवाय माझे तमाल होत नाहीत."

"अगं पण आता तरी..."

"आता काय? आता मी आपल्या हातानं पुरतं मीठ घातलं, म्हणजे तो सांगणार नाही हे मी धरून चालले, असंच ना? मी घोटते आणि थांबते, सोराइदा. दर शनिवारी इथं थांबते. पीठ गार व्हायला येतं, तरी थांबते."

वाटलं, उठावं आणि निमूट घरी जावं, होऊ दे अळणी. पण टोपली डोळ्यांपुढे आली, कोंबड्या आल्या, बंद चूल आली. मी कसंबसं म्हटलं, "चिमूटभर अजून, कासिल्दा."

तिनं मिठाच्या बरणीत हात घातला. तो बराच वेळ आतच राहिला. मग मूठभर टाकलं आणि ती घोटत राहिली, मोठ्यानं रडत. लिओन्सिओला मातीत ठेवलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी पळी घ्यायला गेले तर कोपरानं मला ढकललं. मग मी खाली बसून पानं पुसत राहिले आणि मीही रडले.

रविवारी मी तिच्याबरोबर टोपलीची सायकल ढकलत नेली. पहिल्या घासालाच एलेउतेरिओ दुकानाबाहेर धावत आला. "अगदी पहिल्यासारखे! लिओन्सिओ होता तेव्हासारखे!" वेड्याला कुठे काय बोलावं याची अक्कल नाही. जो तो तेच म्हणत होता, पहिल्यासारखे, पहिल्यासारखे. कासिल्दा मान हलवायची, पावात कांदा भरायची. प्रार्थना संपून लोक बाहेर पडतात न पडतात तोच टोपली रिकामी झाली. पलीकडच्या फुटपाथवाले हात हलवत परत गेले.

मला वाटलं, जिंकलो. वाटेत तसं म्हणालेही. ती सायकल ढकलत राहिली.

घरी पोचल्यावर ती आपल्या दाराशी न थांबता माझ्या दारात आली. तोच पिवळ्या फुलांचा झगा, त्यावर कांद्याचे डाग.

"सोराइदा, काळं कापड आहे का गं तुझ्याकडे?"

मी टेप काढली. ती मशीनशेजारी सरळ उभी राहिली आणि तिनं मापासाठी दोन्ही हात वर केले.