नवरा हिचा, मोतीबिंदू माझा

शिंपीणबाई बावन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या. तरुणपणी चार-दोन स्थळं सांगून आली होती, पण बाईंचं लक्ष मुलाऐवजी त्याच्या शर्टाच्या कॉलरीकडे. शिलाई उसवलेली दिसली की तोंडावर सांगायच्या. स्थळं परत गेली. मग भावाच्या घराची मागची खोली, शिलाई मशीन आणि भावाचं ठरलेलं पालुपद, "ताईला कापडापलीकडे काही कळत नाही."

हल्ली कापडही दिसेना. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आठ महिने झाले तरी येत नव्हती. शेवटी बाई स्वतःच सरकारी कचेरीत गेल्या.

कारकुनाने नाव, जन्मतारीख टाकली. "मावशी, यजमान नाही आले?"

"कुणाचे?"

"तुमचेच. दोन मुलगेही आहेत. आणि ट्रक चालवायचा परवाना."

"अहो, मला साधी सायकल येत नाही!"

"कॉम्प्युटर खोटं कशाला सांगेल?"

बाईंचं डोकं सटकलं. "बावन्न वर्षं मी कुणाला जवळ फिरकू दिलं नाही, आणि तुम्ही एका बटणात दोन बाळंतपणं उरकलीत?"

रांगेत हशा पिकला. कारकून कानापर्यंत लाल झाला. नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीखही तीच; दोन बायकांची नोंद एकीच्याच नावावर चढली होती. वेगळी करायची तर दोघींनी समक्ष यायला हवं.

नोंदीतला पत्ता ट्रकतळाचा होता. बाईंनी तिथे स्वतःचंच नाव विचारलं. रखवालदाराने एका ट्रकखाली बोट दाखवलं. तिथून ग्रीसने माखलेली एक धिप्पाड बाई सरपटत बाहेर आली.

"कोण पाहिजे?"

"मीच. म्हणजे तुम्ही. सरकार म्हणतं, आपण एकच आहोत."

ट्रकवाली पोट धरून हसली. "म्हणजे ती मोतीबिंदूवाली तू होय! तीनदा बोलावणं आलं मला. माझे डोळे ठणठणीत, हे कुणी ऐकेल तर शपथ! चल, बस वर."

वर बसणं म्हणजे चढाईच. ट्रकवालीने खालून ढकललं, बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि एकदाच्या त्या आत पडल्या. कचेरीत ट्रकवालीने काउंटरवर कोपर टेकवलं. कारकुनाने भीतभीत विचारलं, "यातली खरी कोण?"

"दोघीही!" शिंपीणबाई कडाडल्या. "नवरा हिचा, मोतीबिंदू माझा. लिहा!"

दहा मिनिटांत काम झालं. पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशनही झालं. भावाला सवड नव्हती, म्हणून दवाखान्यातून न्यायला ट्रकवालीच आली आणि तिच्या ट्रकने फाटक पार अडवून टाकलं.

डोळा बरा झाल्यावर एके सकाळी बाई पिशवी भरून निघाल्या.

"ताई, कुठे?"

"ट्रकवरून. तीन दिवस."

"आणि माझ्या पँटी?"

"सुई-दोरा मशीनवर ठेवलाय."

परतल्या पाचव्या दिवशी. नाक उन्हाने सोललेलं, घसा बसलेला, आणि तोंडात दोन अशा शिव्या की वहिनीने दार लावून घेतलं, मग हळूच उघडून म्हणाली, "पुन्हा सांगा बघू."