भर सत्रात वाजणारं ताट

आता काय सांगू तुम्हाला, फजिती माझीच आहे, म्हणून दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मी अमरावतीत एका छोट्या कंपनीत आहे. मुलांसाठी नवी यंत्रं, ॲप्स करायची, पण मुलांना सोबत घेऊनच, हा आमच्या पुण्याच्या मॅडमचा आग्रह. म्हणून दर शनिवारी ऑनलाइन सत्र. कोणी तिवस्याहून, कोणी पातूरहून. घरात कोणतं यंत्र पाहिजे ते मुलांनी सुचवायचं आणि घरच्याच सामानातून त्याचा नमुना करून दाखवायचा.

त्या शनिवारी मॅडम स्वतः बघायला बसल्या. आवडलं तर काम चालू, नाहीतर बंद!

पातूरची समृद्धी, पाचवीतली, तिची कल्पना सांगू लागली. आणि मी? मी मॅडमना मेसेज टाइप करत होतो, 'मुलं फार छान बोलतात.' मान वर केली, तर तिचं सांगून झालेलं!

आता काय करता? म्हटलं, "वा! छान कल्पना!"

टण्ण!

"कोणाच्या घरी भांडं पडलं रे? माइक बंद करा. हं समृद्धी, हे यंत्र कोणाच्या कामाचं?"

"आईच्या, सर. माह्या बी."

"मस्त! मस्त!"

टण्ण! टण्ण!

तिवस्याचा ओम खुदकन हसला. "सर, हे कुठी लावाचं?"

"सगळीकडे! पहिलं तर माझ्याच घरी लावा!"

पोरं हसून लोळायला लागली. मॅडमही तोंडावर हात धरून बसलेल्या. मला वाटलं, काय सत्र रंगलंय!

"फारच सुंदर!"

टण्ण!

"अरे, कोण वाजवून राह्यलं ते?" मी चिडलोच.

समृद्धीनं मांडीवरचं स्टीलचं ताट आणि पळी कॅमेऱ्यासमोर धरली. "मीच, सर. हाच तर नमुना हाय. मोठ्या माणसानं न ऐकता 'छान छान' म्हटलं, का हे वाजते. मघाशीच सांगतलं ना! पन तुमी खाली पाहून टाइप करून राह्यले होते."

कान असे तापले म्हणता!

मॅडम म्हणाल्या, "काम चालू ठेवायचं. आणि हेच यंत्र करायचं."

माझा जीव भांड्यात पडला. सावरून घेत मी विचारलं, "बरं समृद्धी, यात काही सुधारणा?"

ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "हो ना, सर. बाबासाठी ताट पुरते. तुमच्यासाठी ढोल लागन."