कोपऱ्यातलं झिजलेलं बटण

मोरेश्वर गेल्याचं त्याच्या बायकोनं, लतावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याच्यासाठीच डब्यात पातळ वरण भरत होते. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ते दुपारी न्यायचं होतं. मी डब्याला झाकण लावलं, तो ओट्यावर ठेवला आणि मग खाली बसले... महिना होत आला, पण तो डबा मी अजून दुसऱ्या कशाला वापरलेला नाही.

गांधीबागेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघांनी सॉफ्टवेअरचा धंदा काढला होता. तो उमरेडच्या विणकर घरातला, थंड डोक्याचा; मी तापट. एकदा एका रक्तपेढीचं काम आलं. रक्तदात्यांची यादी तिथल्या कार्यकर्त्यांनीच संगणकावर केलेली, आणि रक्तगटाच्या रकान्याला त्यांनी इंग्रजीत नाव दिलेलं ‘ग्रुप’. आता काही शब्द डेटाबेस स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवतो, आणि हा नेमका त्यातला. आमच्या नव्या प्रोग्रॅममधून रक्तगट शोधायला सांगितला की यंत्र त्या नावालाच हुकूम समजायचं आणि ठप्प व्हायचं. मी म्हटलं, नाव बदलून टाकू, कटकट मिटेल.

“काहून बदलवतं वं?” मोरेश्वर म्हणाला. “त्यायचे जुने प्रोग्रॅम त्याच नावानं हाक मारून राहिले. एखादा आपल्या नजरेतून सुटला, अन् ऐन वेळी बंद पडला तं? ज्याले रक्त पायजे, त्याले आपली सफाई काय कामाची?”

नावाच्या दोन्ही अंगांना एक बारकी तिरपी खूण दिली, की डेटाबेसला कळतं, हे नाव आहे, हुकूम नाही. ती खूण कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असते. मोरेश्वर एकेका ठिकाणी जाऊन ती देत बसला. मी शेजारी धुमसत होते. त्याच्या स्वतःच्या नव्या याद्यांत मात्र सगळी नावं मराठी असायची, रक्तगट, क्रम, गाव. “मशीनले आपले शब्द ठाऊकच नाहीत,” तो हसून म्हणायचा, “तं अडवंल कसं?”

यंदा तो स्वतः आजारी पडला. रक्त ओ निगेटिव्ह, सहजी न मिळणारं, आणि मुलगी केतकी बंगळुरूहून निघालेली. ती पोचेपर्यंत त्याला टिकवायचं होतं, बस. रक्तपेढीतल्या बाईंनी तोच जुना शोध चालवला, आणि क्षणात नावं आली. नरखेडकडचा एक संत्रा बागायतदार मोटरसायकलनं आला, बाही वर करून आडवा झाला. केतकी पोचली. संध्याकाळभर बापलेक बोलत होते. मी बाहेरच बसले. दोन दिवसांनी तो गेला. आणखी थोडे दिवस मिळायला हवे होते, असं मला फार वाटतं.

परवा रक्तपेढीचा निरोप आला, यादी नव्या संगणकावर न्यायची आहे. जुने प्रोग्रॅम आता सगळे बंद झालेत, म्हणजे नाव बदललं तरी कुठे काही अडणार नव्हतं. वहिनींनी दिलेला त्याचा कीबोर्ड मी पुढ्यात ओढला. त्यावरची बाकी अक्षरं धड आहेत. कोपऱ्यातल्या त्या बटणावरची खूण तेवढी पुसून गेली आहे. माझं बोट तिकडेच गेलं. नाव तसंच ठेवलं, दोन्ही अंगांना खुणा दिल्या आणि चालतं का ते बघायला ओ निगेटिव्ह शोधलं.

यादी आली. तिच्यात मोरेश्वरचंही नाव होतं, गाव उमरेड. ते काढायला हवं, हे मला कळतं.